दोन दिवसांत आठ गणपती

क्षेत्राच्या गावात सगळ्यांत निवांत कोणी असेल, तर तो देव. पहाटे काकड आरतीला उठावं, स्नान-पूजा आटपावी, दुपारी नैवेद्यानंतर जरा पडावं, संध्याकाळी धूपारती घ्यावी आणि शेजारती झाली की झोपावं, हा त्याचा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. त्याच्याभोवतीच्या गावात मात्र एकूण एक माणूस घाईत असतो. रांगेतल्याला गाभाऱ्यात पोचायचं असतं, गाभाऱ्यातल्याला बाहेर ढकललं जात असतं, बाहेर पडलेला चपला शोधत असतो, चपला सापडलेला गाडी शोधत असतो आणि गाडीत बसलेले उरलेल्यांच्या नावाने हॉर्न वाजवत असतात. कारण अंधार पडायच्या आत अजून दोन देव उरकायचे असतात.

ही घाई शुद्ध स्वरूपात बघायची तर अष्टविनायकाला जावं. पंढरीच्या वारीत माणसं दोन-तीन आठवडे चालतात, तिथे घाई करून करणार काय? अष्टविनायकाचं तसं नाही. आठ देवळं, तीन जिल्हे, साडेसहाशेच्या आसपास किलोमीटर आणि हाताशी एक शनिवार-रविवार. पाच गणपती पुणे जिल्ह्यात, पाली आणि महड रायगडात, आणि सिद्धटेकचा एकटा भीमा ओलांडून अहिल्यानगर जिल्ह्यात जाऊन बसलेला.

शास्त्राने या यात्रेचा क्रम ठरवून दिला आहे. मोरगावपासून सुरुवात, मग सिद्धटेक, पाली, महड, थेऊर, लेण्याद्री, ओझर, रांजणगाव आणि सांगता पुन्हा मोरगावला. नकाशा पुढे घेऊन बसलात तर लक्षात येईल, की हा क्रम लावणाऱ्याकडे वेळ भरपूर होता आणि डिझेलचा खर्च त्याच्या खिशातून जाणार नव्हता. सिद्धटेकहून उठून सह्याद्री उतरून कोकणात पालीला जायचं, आणि तिथून पुन्हा घाट चढून पुण्याच्या अंगणातल्या थेऊरला यायचं! ट्रॅव्हल कंपन्यांनी हा क्रम कधीच मोडीत काढला. घाटावरचे सहा आधी, कोकणातले दोन शेवटी. शास्त्रात एवढी मोठी दुरुस्ती झाली आणि एकाही धर्मसभेत निषेधाचा ठराव झाला नाही.

प्रत्येक घरात ही यात्रा काढणारे एक काका असतात. आमचे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले आहेत. धरणाचं पाणी कोणत्या कालव्यात किती वाजता सोडायचं, हे ठरवण्यात हयात गेल्यामुळे माणसंही तशीच सोडता येतात अशी त्यांची समजूत आहे. निघण्याच्या आदल्या रात्री त्यांनी सगळ्यांना छापील वेळापत्रक वाटलं. पहिली ओळ होती, 'प्रस्थान पहाटे 5.00'. पुढे कंसात, '5.00 म्हणजे 5.00'. थेऊरला वीस मिनिटं, मोरगावला पंचवीस, सिद्धटेकला तीस, असा प्रत्येक गणपतीचा वकूब ठरवून दिलेला. चहाला दहा मिनिटं. 'इतर विधी' या सदराखाली पाच मिनिटं होती आणि ते विधी धार्मिक नव्हते.

निघालो सहा वाजून दहा मिनिटांनी. कारण टेम्पो ट्रॅव्हलर वेळेवर आली, पण आत्या आली नाही. आत्या आली तेव्हा तिची पोह्यांची पिशवी घरी राहिली होती. पिशवी आणायला गेलेला भाचा परत येईपर्यंत वहिनींनी पुढची सीट धरली, आणि घाटात मला लागतं म्हणून ती सीट माझी, असं आत्याचं म्हणणं पडलं. वाटेतला मोठा घाट दुसऱ्या दिवशी दुपारी येणार होता, पण आत्या दूरदर्शी आहे. गाडी हलली. "गणपती बाप्पा" असं एकाने म्हटलं आणि "मोरया" म्हणून सगळ्यांनी साथ दिली. भजनं हडपसरपर्यंत टिकली. तिथून पुढे अंताक्षरी सुरू झाली आणि देवाचं नाव 'म' अक्षर आलं तरच निघू लागलं.

थेऊरचा चिंतामणी हा थोरल्या माधवरावांचा गणपती. पानिपतानंतर दौलत सावरणाऱ्या या पेशव्याने आजारपणातले शेवटचे दिवस याच देवापुढे काढले आणि 18 नोव्हेंबर 1772 रोजी इथेच देह ठेवला. वय अवघं सत्तावीस. काकांनी ही हकिगत सभामंडपात उभं राहून सांगितली, चांगली सांगितली, आणि राघोबादादांपर्यंत आले असतानाच त्यांचं स्वतःचं घड्याळ वाजलं. पेशव्यांच्या इतिहासाला पुण्यात कोणीही थांबवू शकत नाही, असा माझा अनुभव होता. काकांच्या वेळापत्रकाने तो थांबवला.

आता चपलांकडे वळू. गर्दीच्या कोणत्याही देवळात भक्ताचं अर्धं चित्त चपलांपाशी असतं. हे ओळखूनच हार-फुलांच्या दुकानदारांनी 'चपला इथे ठेवा, फ्री' अशा पाट्या लावल्या आहेत. देवळापासून दोनशे पावलांवरच एक बाई हाताने खुणावून "या भाऊ, चप्पल इथं काढा, पैसे नाहीत" म्हणते. आपण चपला काढतो आणि त्याच क्षणी फसतो, कारण अनवाणी माणसाला घासाघीस करता येत नाही. दुपारच्या उन्हात तापलेल्या फरशीवर पाय आळीपाळीने उचलत उभा असलेला मनुष्य सांगितलेल्या किमतीला ताट घेतो. ताटात नारळ, दूर्वांची जुडी, एक जास्वंद, उदबत्तीच्या चार काड्या, साखरफुटाण्यांची पुडी आणि शेंदराची डबी. नारळाची शेंडी इतकी हाताळलेली, की या नारळाने माझ्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा दर्शन घेतलं असावं.

अनुभवी यात्रेकरूची खूण म्हणजे त्याच्या पायात जुनी स्लीपर असते. त्याहून अनुभवी असतो तो डावी चप्पल एका कोपऱ्यात आणि उजवी दुसऱ्या कोपऱ्यात काढतो. वाटेतल्या एका देवळात, नाव सांगत नाही, आमच्या भाच्याचे नवे कोरे बूट गेले. त्या जागी कोणीतरी आपल्या झिजलेल्या चपला प्रामाणिकपणे ठेवून गेला होता. "देवाच्या दारी गेलेली पनवती," असं आत्याने त्याचं सांत्वन केलं. "चार हजारांची पनवती," भाचा म्हणाला आणि त्याच चपलांत पुढची यात्रा पुरी केली.

थेऊरहून मोरगावला जाताना जेजुरी लागते. जेजुरी वेळापत्रकात नव्हती. पण आत्याच्या सासरचं कुलदैवत खंडोबा, आणि कुलदैवत वाटेत असताना गाडी वळवली नाही तर पुढे काय काय होतं याची उदाहरणं आत्याकडे नावानिशी होती. तिसऱ्या उदाहरणातले गृहस्थ रुग्णालयात पोचले तेव्हा काकांनी ड्रायव्हरला गाडी वळवायला सांगितली. जेजुरी हे मला फार आवडणारं क्षेत्र आहे. इथे देवळात शिरताना आपल्या अंगावर कोणते कपडे आहेत याला काही अर्थ उरत नाही, कारण बाहेर पडताना सगळे पिवळे असतात. 'येळकोट येळकोट' झालं की भंडारा उधळायचा. तो केसांत जातो, कानात जातो, मोबाइलच्या भोकांत जातो आणि सोमवारी ऑफिसात कोणी न विचारता सगळ्यांना कळतं.

जेजुरीला नव्या नवरदेवाने नवरीला उचलून निदान पाच पायऱ्या चढायच्या, अशी पद्धत आहे. लग्नात सात जन्मांची वचनं देणं सोपं असतं, तिथे उचलायचं काही नसतं. आमच्यासमोर एक जोडपं उभं होतं. नवरा बारीक, घामाघूम, दोन्ही बाजूंनी मित्रांचा आरडाओरडा. तिसऱ्या पायरीवर त्याचा चेहरा भंडाऱ्याच्या आतून लाल दिसू लागला. पाच पायऱ्या झाल्या, टाळ्या पडल्या, त्याने तिला खाली ठेवलं आणि फोटोग्राफर म्हणाला, "दादा, परत एकदा. वहिनींनी डोळे मिटले." दादा परत खाली उतरले. तिसऱ्यांदा नवऱ्याचेच डोळे मिटले. चौथ्या वेळी नवरी म्हणाली, "आता मी उचलते यांना," आणि ती ज्या बेताने पदर खोचत होती त्यावरून तिला ते जमलं असतं असं मला वाटतं.

मोरगावला देवळाच्या चारही कोपऱ्यांवर मिनार आहेत आणि दारात नंदी आहे. गणपतीपुढे नंदी म्हणजे वडिलांचं वाहन मुलाच्या दारात उभं. आख्यायिका अशी, की हा नंदी शंकराच्या देवळासाठी निघाला होता, इथे गाडा मोडला आणि मग तो जागचा हलेना. सबंध यात्रेत काकांच्या वेळापत्रकाला न जुमानणारा मला भेटलेला हा पहिला.

मोरगावातच रांगेचा खरा अनुभव आला. देवळांच्या दर्शनरांगा लोखंडी कठड्यांमधून नागमोडी फिरवतात. त्यामुळे पुढच्या ओळीतली माणसं दर वळणाला आपल्यासमोर येतात आणि उलट्या दिशेने निघून जातात. पहिल्या वळणावर आपण त्यांच्याकडे नुसतं बघतो. दुसऱ्या वळणावर हसतो. तिसऱ्यावर "कुठून आलात?" होतं. चौथ्यावर आडनाव कळतं, पाचव्यावर मूळ गाव. आत्याच्या आणि समोरच्या निळ्या साडीतल्या बाईंच्या गप्पा अशा तुकड्या-तुकड्यांनी चालल्या होत्या. एका वळणावर मुलगा इंजिनिअर असल्याचं कळलं, पुढच्या वळणापर्यंत पगाराची उत्सुकता ताणली गेली, त्याच्या पुढच्या वळणावर पत्रिका बघता का, इथवर आलं. इतक्यात त्यांची ओळ गाभाऱ्यात शिरली आणि एक चांगलं स्थळ हातचं गेलं. आत्याने देवापाशी जे मागितलं ते बहुधा त्या बाईंचा फोन नंबर असावा.

रांगेत प्रत्येकाची आत 'ओळख' असते. ओळख म्हणजे कोणाच्या तरी साडूचा मित्र, जो विश्वस्तांच्या पुतण्याबरोबर शाळेत होता. काकांनी अशा एका ओळखीला फोन लावायला सुरुवात केली. फोन लागेना, लागला तर ऐकू येईना, ऐकू आलं तर तो मनुष्य लग्नाला सांगलीत होता. त्याने दुसऱ्याचा नंबर दिला. दुसऱ्याने फोन उचलला तेव्हा आम्ही गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर होतो. "कुठे आहात? मी घ्यायला येतो," असं तो म्हणत होता आणि काका मोरेश्वराला नमस्कार करत करत "नको, झालं" असं त्याला सांगत होते. बाहेर आल्यावर मात्र त्यांनी सगळ्यांना सांगितलं, की फोन केला म्हणून लवकर झालं.

आणि गाभाऱ्यात काय होतं? एवढी पायपीट करून, एवढ्या रांगेत उभं राहून माणूस देवासमोर येतो आणि डोळे मिटतो. मी हे नीट बघितलं आहे. ज्याला बघायला आलो तो समोर, दिवे लागलेले, आणि दहांतले आठ जण डोळे गच्च मिटून ओठ हलवतात. उघडेपर्यंत पुजाऱ्याचा किंवा पहाऱ्यावरच्या बाईंचा हात पाठीवर पडतो, "चला, चला, पुढे व्हा." उरलेल्या दोघांनी डोळे उघडे ठेवलेले असतात, पण ते घंटा कुठे आहे ते शोधत असतात. मग बाहेर येऊन वाद, "सोंड डावी होती का उजवी?" सिद्धटेकला हा वाद फार रंगला. अष्टविनायकांतला हा एकच उजव्या सोंडेचा, म्हणून सोवळ्याओवळ्याला कडक मानलेला. वादाचा निकाल बाहेरच्या दुकानातल्या तसबिरीवरून लावला.

तसबिरीवरून आठवलं. पहिल्याच देवळाबाहेरच्या पहिल्याच दुकानात आठही गणपतींची एकत्र फ्रेम मिळते. मधोमध मोठा मोरेश्वर, भोवती सात, खाली गावांची नावं, वर लुकलुकणारे दिवे. वहिनींनी ती थेऊरलाच घेतली. म्हणजे आठही देवांचं दर्शन सकाळी साडेसातला, डोळे उघडे ठेवून, कोणी न ढकलता झालं होतं. पुढचे सहाशे किलोमीटर ही निव्वळ पडताळणी.

सिद्धटेकची प्रदक्षिणा घालायची म्हणजे सगळी टेकडी फिरावी लागते. पेशव्यांचे सरदार हरिपंत फडके यांचं सेनापतिपद गेलं तेव्हा त्यांनी इथे एकवीस प्रदक्षिणा घातल्या आणि पद परत मिळालं, अशी कथा सांगतात. आत्याने एक तरी घालू म्हटलं. काकांनी घड्याळ बघितलं आणि स्वतःभोवती फिरले. "ही चालते," असं ते म्हणाले. कुठल्या ग्रंथात ते त्यांनी सांगितलं नाही, पण निवृत्त माणसाला गमवायला पद नसतं, हेही खरं.

या सगळ्यात आमचा ड्रायव्हर फार सुखी होता. आठही ठिकाणी त्याने स्टिअरिंगवरूनच हात जोडले आणि सीट मागे करून झोपला. काकांनी सिद्धटेकला त्याला उठवून "पुढे किती वेळ लागेल?" असं विचारलं तेव्हा तो म्हणाला, "काका, देव काय पळून जात नाय. जेवण मात्र तीन वाजता बंद होतं." त्यानंतर गाडी थेट जेवणाच्या ठिकाणी थांबली.

रांजणगावला औद्योगिक वसाहत आणि महागणपती शेजारी-शेजारी आहेत. दोन्हीकडे पाळ्या बदलताना गर्दी होते. पुढच्या ओझरच्या बाबतीत फोनवरच्या नकाशाची फार चलाखी चालते. एक ओझर जुन्नरकडचं, जिथे चिमाजीअप्पांनी वसईच्या विजयानंतर कळसाला सोनं चढवलं असं सांगतात. दुसरं नाशिकजवळचं, जिथे लढाऊ विमानांचा कारखाना आहे. विघ्नहर्त्याच्या शोधात निघालेली गाडी विमानांच्या फाटकापाशी उभी राहिल्याच्या गोष्टी ड्रायव्हर लोक हसून सांगतात. हीच गत महडची. खोपोलीजवळचं ते महड, आणि एक काना जास्त पडला की थेट चवदार तळ्याचं महाड, बरंच खाली दक्षिणेला. भाच्याने फोनला विचारलं तेव्हा फोनने मोठ्या विश्वासाने दुसरं सांगितलं. ड्रायव्हरने फोनकडे बघितलंही नाही.

मुक्काम भक्तनिवासात. एका खोलीत सहा गाद्या, तीन पंखे, पैकी दोन चालू, आणि प्लग एक. त्या एका प्लगभोवती रात्री जी रांग लागली तिच्यात कोणाची ओळख चालली नाही. गरम पाण्याची वेळ पहाटे 5 ते 7, अशी पाटी होती. 5 ला ते कोमट होतं आणि 7 ला आठवण.

झोप येईना, तेव्हा इतर देवांच्या झोपेचा विचार मनात आला. पंढरपूरला आषाढीच्या आधी विठोबाचा पलंग काढतात. म्हणजे देवाची झोप बंद, दर्शन चोवीस तास, टेकायला पाठीशी लोड. यात्रा आटोपली की प्रक्षाळपूजा. दिवसरात्र उभ्या असलेल्या देवाच्या पायांना लिंबू-साखर लावतात, गरम पाण्याने न्हाऊ घालतात, शिणवट्यावर रात्री काढा देतात आणि पलंग परत आणून ठेवतात. तुळजापूरची भवानी तर वर्षातून तीनदा मंचकी निद्रा घेते. नवरात्राच्या आधी आठवडाभर झोपते, कारण पुढे महिषासुराशी गाठ आहे. आणि दसरा झाला की कोजागरीपर्यंत पुन्हा, कारण दमली आहे. साक्षात जगदंबा युद्धाच्या आधी आणि नंतर रजा टाकते, आणि आपण शनिवारी पहाटे निघून सोमवारी सकाळी ऑफिसला हजर! हा विचार मी काकांना सांगणार होतो, पण ते 4.15 चा गजर लावून कधीच झोपले होते.

घाई चालत नाही असं एक ठिकाण मला ठाऊक आहे. नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरला जा. तिथले तीर्थोपाध्याय तुम्हाला बाकी काही न विचारता फक्त आडनाव आणि मूळ गाव विचारतात. मग पोटमाळ्यावरून लाल कापडात बांधलेले चोपडे खाली येतात. पान उलटत उलटत एक तास जातो, चहा होतो, आणि अचानक तुमच्या पणजोबांची सही समोर येते. मोडीत. सोबत मुलांची नावं. एका ओळखीच्या घराण्यात आजोबांना तीन भाऊ, अशी आजवरची माहिती. चोपड्यात चार निघाले. चौथा कोण, कुठे गेला, आणि त्याचा वाड्यातला हिस्सा कोणाच्या नावावर चढला, यावर ते कुटुंब सध्या बोलत नाही. श्राद्धाला गेलेली माणसं वकिलाकडे पोचली.

दुसऱ्या दिवशी लेण्याद्री. तीनशेच्या आसपास पायऱ्या, वाटेत माकडं, आणि पायथ्याशी पुरातत्त्व खात्याचं तिकीट. ही मूळची बौद्ध लेणी. गणपती बसला आहे ते भिक्षूंचं विहार, मधे एकही खांब नसलेलं प्रशस्त दालन आणि भिंतींत त्यांच्या ध्यानाच्या छोट्या खोल्या. भिक्षूंनी पावसाळ्याचे तीन महिने तिथे मुक्काम करावा, अशी ती योजना होती. आम्हाला चढण्या-उतरण्यासकट पाऊण तास होता. आत्या मात्र पायऱ्या चढून वर पोचली आणि त्यातल्या एका खोलीच्या उंबऱ्यावर बसली ती बसलीच. "तुम्ही या जाऊन पुढे, मी इथे बरी आहे," म्हणाली. खाली कुकडीचं खोरं पसरलेलं, गार वारा. काकांनी दोन हाका मारल्या. मग तेही शेजारी बसले. सबंध यात्रेत वेळापत्रक खिशात राहिलं ते या दहा मिनिटांत. त्यातही एका माकडाने आत्याच्या पिशवीतले उरलेले पोहे नेले, म्हणून ती दहावर आटोपली.

मग बोरघाट. आत्याला काहीच झालं नाही. पुढची सीट न मिळालेल्या वहिनींना झालं.

महडला गाभाऱ्यात आत जाऊन स्वतःच्या हाताने पूजा करता येते. तिथला नंदादीप 1892 पासून तेवतो आहे असं सांगतात. पालीला पहिलं दर्शन धुंडीविनायकाचं घ्यायचं आणि मग बल्लाळेश्वराचं. देवाला भक्ताचं नाव मिळालेला अष्टविनायकांतला हा एकटाच. बल्लाळ हा मुलगा इतका वेळ पूजेत रमायचा, की त्याच्या वडिलांनी संतापून त्याला झाडाला बांधून ठेवलं, अशी कथा आहे. तेव्हा पूजेला वेळ लागतो म्हणून घरच्यांनी चिडणं हे पुराणकाळापासूनचं आहे, आणि काकांना एकट्याला दोष देता येत नाही.

या भागातून जाताना मला नेहमी गोडसे भटजींची आठवण होते. पेण तालुक्यातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 साली दक्षिणा मिळवायला उत्तरेला गेले आणि नेमके बंडात सापडले. झाशीचा वेढा बघितला, लूटमार सोसली आणि अखेर गंगेची कावड खांद्यावर घेऊन घरी परतले. त्यांच्याकडे वेळापत्रक नव्हतं म्हणून 'माझा प्रवास' झाला. आमच्याकडे वेळापत्रक होतं, म्हणून टोलच्या पावत्या जमल्या.

शास्त्राप्रमाणे आता पुन्हा मोरगावला जाऊन सांगता करायची. रविवारची रात्र, एक्स्प्रेसवेवर गाड्यांची न हलणारी रांग, भाच्याची सकाळी सातची शिफ्ट. काकांनी कुठल्याशा दिशेकडे बोट दाखवून "मोरगाव तिकडे" असं म्हटलं आणि सगळ्यांनी तिकडे हात जोडले. ड्रायव्हर म्हणाला, "काका, तिकडे नाशिक."

घरी आल्यावर प्रसादाची वाटणी. आठ देवळांचे पेढे, साखरफुटाणे, खोबरं आणि बुंदी एकाच पिशवीत एकमेकांत मिसळून गेलेली. कोणता पेढा कोणत्या गणपतीचा, याचा मागमूस नाही. कागदाच्या पुड्या बांधून वरच्या मजल्यावर, खालच्या मजल्यावर, वॉचमनला आणि इस्त्रीवाल्याला दिल्या. प्रत्येकाने पुडी कपाळाला लावून एकच प्रश्न विचारला, "दर्शन कसं झालं?" आम्हीही एकच उत्तर दिलं, "छान! कुठेच पाऊण तासाच्या वर लागला नाही."

तुम्ही जाणार असाल तर संकष्टी आणि सुट्टीचा रविवार टाळा. अंगारकीला तर घरातल्याच गणपतीला दूर्वा वाहा. लेण्याद्री सकाळी उन्हाच्या आत करा, चपला जुन्या घाला, सुटे पैसे ठेवा, पोह्यांची पिशवी माकडांना दिसू देऊ नका आणि गाभाऱ्यात डोळे उघडे ठेवा. दोनाचे चार दिवस केलेत तर फारच उत्तम. आणि वेळापत्रक छापणाऱ्या नातेवाइकाला काही झालं तरी पुढच्या सीटवर बसवू नका. तिथून त्याला रस्ता आणि घड्याळ दोन्ही दिसतात.